दुखणाऱ्या हातांना नुसता जादा वेळ देऊन भागत नाही

एंट्रन्सच्या दिवशी मी पहाटे साडेतीनला उठले होते. अभ्यासाला नाही, बोटं मोकळी करायला. गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, मग मूठ जमेल तेवढी मिटायची, उघडायची, परत मिटायची, असं करत करत सहा वाजता कुठे पेन धरता आलं. पेपर नऊचा होता.

मला ज्युवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस आहे, म्हणजे लहान वयात होणारा संधिवात. हो, मुलांनाही होतो. १६ वर्षांच्या आत सुरू झाला, सांधा किमान ६ आठवडे सुजलेला राहिला आणि दुसरं काही कारण सापडलं नाही की त्याला हे नाव देतात. आपलीच इम्युन सिस्टीम सांध्यांच्या अस्तरावर उठते. खूप लिहिल्याने होत नाही, थंडीने होत नाही. आणि रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असंही नाही, संधिवातासाठी रक्तात जो आरए फॅक्टर तपासतात, तो बहुतेक मुलांमध्ये निगेटिव्हच असतो. हे मी नातेवाइकांना, शिक्षकांना, क्लासवाल्यांना इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय, तरी "एवढ्या वयात कसला संधिवात" हे ऐकावं लागलंच आणि दर वेळी तेवढंच लागलं.

अभ्यासाचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते. मेथोट्रेक्सेट ही या आजारावरची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि मला दुसऱ्या दिवशी इतकं मळमळायचं की वाचलेलं काही डोक्यात शिरायचं नाही. क्लासची टेस्ट नेमकी त्याच दिवशी. चार टेस्ट घालवल्यावर डॉक्टरांना विचारून गोळीचा वार बदलून घेतला. हे आधी कुणी सुचवलं असतं तर!

पण मला मुख्य बोलायचंय ते सेंटरबद्दल. मला ३ तासांच्या पेपरला १ तास जादा मिळाला होता, आणि घरी सगळे म्हणाले, चला, सोय झाली. पण या आजारात हालचाल थांबली की सांधे आखडतात. मग ४ तास एका खुर्चीत बसवणं ही मदत कशी? दुसऱ्या तासानंतर माझे गुडघे धरले, मनगटात ठणका सुरू झाला, रफ वर्कला पेन टेकवलं की कळ थेट कोपरापर्यंत. मी हात वर केला, म्हटलं दोन मिनिटं उभी राहू का, जागेवरच. सुपरवायझर नाही म्हणाले. नियमात जादा वेळ लिहिलाय, उभं राहणं लिहिलेलं नाही. स्क्रीनवरचा टायमर चालूच होता, आणि मी गणित सोडवायचं सोडून कळ जायची वाट बघत बसले, कारण दुखत असताना आकडे लक्षातच राहत नाहीत, एक ओळ वाचून दुसरीवर जाईपर्यंत पहिली गेलेली असते. ज्यांना असं कधी दुखलं नाही त्यांना वाटतं मन घट्ट केलं की झालं.

त्याच वर्षी दुसऱ्या परीक्षेला योगायोगाने दुपारचं सेशन मिळालं. तोवर बोटं सुटलेली होती, आणि पेपर खूप चांगला गेला. मुलगी तीच, अभ्यास तोच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अशा मुलांना टायमर थांबवून ब्रेक मिळाला पाहिजे, उठून चालायची परवानगी पाहिजे आणि सकाळ की दुपार हे निवडता आलं पाहिजे. यात कुणाचे मार्क हिरावले जात नाहीत, प्रश्न तेच असतात. आणि मूल धडधाकट दिसतंय म्हणून सेंटरवर सगळ्यांसमोर त्याची उलटतपासणी करू नका, प्लीज. मी त्या दिवशी पेपरच्या आधीच रडले होते.

परवा एका आईंचा फोन आला, त्यांच्या मुलीला हाच आजार आहे, यंदा परीक्षा. डॉक्टरांच्या पत्रात फक्त आजाराचं नाव होतं. मी सांगितलं, काकू, नावाने काही होत नाही, सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात, सलग किती वेळ बसता येतं, मध्ये उठावं लागतं का, हे सगळं लिहून घ्या, आणि फॉर्मबरोबरच द्या, सेंटरवर ऐनवेळी कुणी ऐकत नाही. त्या आज परत दवाखान्यात गेल्यात. फॉर्म उद्या भरायचाय.