परिषदेला निघालेल्या अश्ववैद्यांना काही आगाऊ सूचना

परिषदेचं पत्रक हाती आलं की विषय वाचत बसू नका. आधी स्थळ बघा. शहरातल्या हॉटेलच्या तळघरात, बिनखिडकीच्या सभागृहात परिषद असेल तर नेमक्या त्याच आठवड्यात तुमच्याकडच्या चार घोड्या व्यायच्या असतात, तेव्हा निघणं अशक्य. पण स्थळाच्या जागी ‘अभयारण्य’ छापलेलं दिसलं की आपलं ज्ञान किती शिळं झालंय याची एकाएकी टोचणी लागते. ती लागू द्या. घरी सांगताना चेहरा जरा कष्टी ठेवा. ‘जावं लागतंय’ हे वाक्य आरशासमोर दोनदा म्हणून पाहा. दुसऱ्यांदा हसू येत नाही.

कपडे खाकीच घ्या. खिसे किमान अकरा. रोज ज्याची डावी बाही खांद्यापर्यंत कशाने भिजते हे चारचौघांत सांगायची सोय नाही, त्याने तीन दिवस शोधमोहिमेवरच्या संशोधकासारखं दिसायला काहीच हरकत नाही. दुर्बीणही घ्या, गळ्यात लटकवायला. बघायला मोबाइल पुरतो.

पोचल्या पोचल्या एक कागद सहीसाठी समोर येईल. रात्री तंबूबाहेर पडणार नाही, पडलो तर जबाबदारी माझी, असा त्याचा मथितार्थ. इथे थोडं गंभीर व्हा, शेजारच्याला हळूच विचारा, ‘तरस इथपर्यंत येतं का हो?’ ब्रिटनमधल्या घोड्यांच्या डॉक्टरांचं एक सर्वेक्षण २०१४ साली प्रसिद्ध झालं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत माणशी सात ते आठ अशा दुखापती, की ज्यांनी कामच थांबावं. बहुतेक लाथा. म्हणजे ज्याच्या बरगड्यांवर निम्म्या तबेल्याच्या नालांचे ठसे आहेत, तो इथे तरसाला घाबरणार. घाबरा. जंगलात आलोय असं वाटायला हवं ना. घोड्याच्या मागे उभं राहताना असा कागद आपण कधी कुणाकडून लिहून घेतला नाही, हा विचार तेवढा मनात आणू नका.

आता व्याख्यानं. पहिलं पोटशूळावर असतं, कारण अश्ववैद्यकात घोडं नेमकं पोटातच पेंड खातं. उलटी करायची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. मोठं आतडं एवढं थोरलं, की दुमडून कसंबसं मावलेलं, आणि बरंचसं मोकळं लोंबणारं. पीळ बसायला आमंत्रण लागत नाही. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, तरी मान डोलवा. तुमचं स्वतःचं व्याख्यान असेल तर मात्र एक नियम काटेकोरपणे पाळा: मेलेलं घोडं पडद्यावर आणायचं नाही. बारा शस्त्रक्रिया केल्या असतील तर अकरा दाखवा. बाराव्याचं काय झालं असं कुणी विचारणार नाही, कारण प्रत्येकाच्या खिशात आपापला बारावा असतो. शेवटच्या चित्रात बरी झालेली घोडी हिरव्या कुरणात चरताना दाखवा, शेजारी शिंगरू असल्यास उत्तम. त्याच घोडीचं असलं पाहिजे असं काही नाही.

टाळ्या संपल्या की चहा. इथे एक गंमत ध्यानात ठेवा, बोलू मात्र नका. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असतं, तो खात असो वा नसो. म्हणून त्याने दिवसातले चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत राहावं, अशी त्याची घडण. आपण त्याला चार भिंतींत उभा करतो, दिवसातून दोनदा चंदी देतो आणि मग दुर्बीण घालून जठरातले व्रण मोजतो. शर्यतीच्या घोड्यांत तर व्रण नसलेलं जठर सापडणं ही बातमी. या विषयावर पाऊण तासाचं उत्तम व्याख्यान झालं, ते ऐकणाऱ्यांना मात्र सकाळचा नाश्ता, साडेदहाचा चहा, दुपारचं जेवण, चारचा चहा आणि मधल्या वेळेला टेबलावर बिस्किटं, असं दर दोन तासांनी काही ना काही मिळत होतं. तीन दिवसांत एकाही प्रतिनिधीला व्रण झाल्याचं ऐकिवात नाही. आयोजकांना घोड्यांचं शरीरशास्त्र उत्तम कळतं.

लंगडेपणाच्या सत्रात मागच्या रांगेत बसा. पडद्यावर एक घोडा दुडक्या चालीने जातो, येतो. वक्ता विचारतो, कोणता पाय? पुढचा पाय दुखत असेल तर धडधाकट पाय टेकताना डोकं खाली जातं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक. तरी सभागृहातून चार आवाज येतात आणि चार पाय निघतात. घोड्याला पाचवा नाही म्हणून बरं. सौम्य लंगडेपणावर मुरलेल्या डॉक्टरांचंही एकमत होत नाही, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय, तेव्हा लाजू नका. फक्त उत्तर सांगितल्यावर शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात ‘मी तेच म्हणत होतो’ म्हणा.

औषध कंपन्यांच्या मांडवात वेळ काढा. पेनं, टोप्या, प्लास्टिकचं खूर कापून आतलं हाड दाखवणारं मॉडेल, सगळं गोळा करा. जंताच्या औषधाचे नमुने मात्र पिशवीच्या तळाशी ठेवा. एका परिषदेत मी ते टेबलावर ठेवून हात धुवायला गेलो. परत येतो तर एक माकड मांडवाच्या दांडीवर बसून, सफरचंदाच्या चवीच्या पेस्टची नळी दातांनी उघडून शांतपणे चाखत होतं. खाली पंचवीस पशुवैद्य. दर सहा आठवड्यांनी सरसकट औषध देऊ नका, त्याने जंत निर्ढावतात, आधी लिदीतली अंडी मोजा, मग ठरवा, असं अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांनी एकमताने ऐकलेलं. वर बघून एक जण म्हणाला, ‘अंडी न मोजता घेतोय.’ दुसरा म्हणाला, ‘आपल्या अशिलांसारखाच.’ माकडाचं अंदाजे वजन किती आणि नळीत औषध किती, याचा हिशेब मात्र तिघांनी ताबडतोब केला, आणि तिघांचे आकडे वेगळे आले. माकड दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतं. नळीच शोधत होतं.

आता महत्त्वाचं. दुपारच्या सत्रात आफ्रिकन अश्वरोगावर बोलायला कुणीतरी अधिकारी माणूस येतो आणि तेव्हा खिडकीबाहेर, पाणवठ्यावर, झेब्र्यांचा कळप उभा असतो. सगळ्या मोबाइलची तोंडं तिकडे. तुम्हीही फोटो काढा. पण एक कान आत असू द्या, कारण तो माणूस त्याच झेब्र्यांबद्दल बोलतोय. हा विषाणू झेब्र्याच्या रक्तात आठवडेच्या आठवडे राहतो आणि झेब्रा सहसा आजारी दिसतसुद्धा नाही. घोड्यात शिरला, आणि घोडा आधी कधी त्याच्या वाटेला गेलेला नसला, तर दहातले सात-आठ, कधी नऊही जातात. फुप्फुसात पाणी भरतं, नाकातून फेस येतो. घोड्याकडून घोड्याला हा लागत नाही, पोचवतात त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या चिलटासारख्या माश्या. १९८७ मध्ये माद्रिदजवळच्या एका सफारी पार्कात नामिबियाहून झेब्रे आणले, स्पेन हा रोग १९९० पर्यंत निस्तरत बसला. १९५९ ते १९६१ च्या साथीत तो मध्यपूर्वेतून पार भारतापर्यंत येऊन गेला होता. २०२० मध्ये थायलंडमध्ये पाचशेहून जास्त घोडी गेली, आणि तिथेही बोट आयात केलेल्या झेब्र्यांकडेच वळलं. म्हणजे लोकांनी बघावेत म्हणून आणलेल्या पट्ट्यांची किंमत दर वेळी बिनपट्ट्यांच्या भावंडांनी चुकवली.

पट्ट्यांवरून आठवलं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांची झूल घालून पाहिलं. गोमाश्या जवळ यायच्या तेवढ्याच, पण पट्ट्यांवर त्यांना नीट उतरताच येईना. हे ऐकून आपल्या अशिलाला झूल रंगवायला सांगावी की काय, असं दोन मिनिटं वाटतं. सांगा. निदान घोडा गर्दीत सापडेल.

तर तो अधिकारी माणूस शेवटी कळकळीने सांगतो, या माश्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, तेव्हा दिवस मावळायच्या आत घोडी तबेल्यात घ्या, उन्हं चांगली वर आल्याशिवाय बाहेर काढू नका. तुम्ही हे वहीत लिहून घेता, खाली दोन रेघा मारता. आणि दहा मिनिटांत उघड्या जीपमध्ये बसून ‘सूर्यास्त दर्शना’ला निघता. टेकडीवर पोचता तो काय, अभयारण्याचीच सहा घोडी पाहुण्यांना पाठीवर घेऊन मावळतीकडे तोंड करून उभी. खाली पाणवठा, पाणवठ्यावर झेब्रे, हवेत गुणगुण. दृश्य मोठं देखणं. घोड्यांच्या माना थोपटा, फोटो काढून घ्या. यांना लस कधी टोचली, संध्याकाळी ही बाहेर कशी, असलं काही मोतद्दाराला विचारू नका. पंचेचाळीस तज्ज्ञ टेकडीवर होते, कुणीही विचारलं नाही. मीही नाही. प्रकाश फार सुंदर पडला होता.

गेंड्याला बेशुद्ध करण्याचं प्रात्यक्षिक असेल तर आपली पायरी ओळखून वागा. वन्यप्राण्यांचा डॉक्टर हेलिकॉप्टरमधून नेम धरतो, मॉर्फिनच्या हजारपटीहून जहाल औषधाचा बाण सुटतो, आणि दोन टन जनावर डुलत डुलत बसतं. आपण आयुष्यभर तट्टाच्या मानेत सुई घालताना मालकिणीचे टोमणे ऐकतो. मत्सर होणारच. अशा वेळी मनाशी म्हणावं, गेंडा हा घोड्याचा चुलतभाऊ. पायाला आपल्याकडे एक बोट, त्याच्याकडे तीन, एवढंच. पचनाची तऱ्हा तीच, मागच्या आतड्यात गवत आंबवायची. त्या जहाल औषधाने गेंड्याचा श्वास मंदावतो, तेव्हा तो सुधारायला जे ब्युटॉर्फनॉल नावाचं वेदनाशामक टोचतात ते आपल्याच पेटीतलं, घोड्यांवर रोज वापरलं जाणारं. हे मोठ्याने सांगून पाहा. हेलिकॉप्टरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही, पण सांगितल्याचं समाधान मिळतं.

आणि सिंह बघाच. परत गेल्यावर नवं काय शिकलात असं कुणी विचारणार नाही, सिंह दिसला का असं सगळे विचारणार. तो दिवसातले वीस वीस तास झोपतो, त्यामुळे तुम्हाला झुडपाखाली एक पिवळट पोतं दिसेल. पोतं म्हणू नका.

शेवटच्या रात्री शेकोटी असते. लवकर झोपायला जाऊ नका, परिषद खरी तिथेच भरते. उजेड कमी, नावाच्या पट्ट्या खोलीवर, टिपणं घ्यायला कुणी नाही. पहिल्या दिवशी अकरा घोडी वाचवणारा तो बडा शस्त्रक्रियातज्ज्ञ लाकडाने निखारे हलवत बसला होता. कुणी न विचारता म्हणाला, ‘बारावी होती एक. रात्री अकराला बोलावलं. नाडी चौसष्ट, म्हणजे चांगलीच चढलेली. मी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, ती शांत झाली, मला वाटलं उतार पडला. सकाळपर्यंत बघू म्हणालो. पहाटे हिरड्या जांभळ्या. पोट उघडलं तेव्हा अख्खं आतडं काळं.’ मग बराच वेळ नुसती लाकडं तडतडली. ‘शांत झाली ती औषधाने,’ तो म्हणाला. ‘नाडी मी परत मोजलीच नाही.’ याची चित्रफीत मिळत नाही, गुण मिळत नाहीत आणि प्रमाणपत्रावर याचा उल्लेख नसतो. तेव्हा या वेळी आपण तरसाच्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो, असं घरी सांगावं.

घरी आल्यावर खाकी धुवायला टाका. प्रमाणपत्र भिंतीवर लावा, मागच्याच्या शेजारी, जरा वर. वही कपाटात. फोटोंतले झेब्रे सगळ्यांना पाठवून होईपर्यंत चौथी रात्र उजाडते आणि पावणेदोनला फोन वाजतो. घोडी लोळतेय.

तबेल्यात पोचाल तेव्हा ती उभी असेल, घामाने काळी पडलेली, अंगाला भुसा चिकटलेला. मालकाने फोनवर विचारून आधीच इंजेक्शन दिलेलं. ‘आता बरीच शांत आहे,’ असं तो म्हणेल. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावा, घड्याळाकडे बघा. बत्ती धरून उभ्या असलेल्या मोतद्दाराला तुमच्या दौऱ्याची खबर लागलेली असते. त्याला राहवत नाही.

‘डॉक्टर, सिंह दिसला का हो?’

पंधरा सेकंदांत सतरा. म्हणजे अडुसष्ट.

‘झोपला होता,’ म्हणा. ‘ट्रेलर काढ.’