‘नाव जुळलं की फूटप्रिंट जुळला’ असं नसतं

पहिला ऑडिओ बोर्ड करायला बसलेल्याला हौशी मंडळींकडून एक सल्ला हमखास मिळतो. सगळे पार्ट थ्रू-होल (पाय भोकातून आरपार जाणारे) घे, एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणारे छोटे पार्ट) हाताने सोल्डर होत नाही आणि आवाजही बिघडवते. फूटप्रिंट, म्हणजे पार्ट बसवायला बोर्डावर आखलेली भोकांची आणि पॅडची (सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्यांची) मांडणी, किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतून नाव बघून लाव, ते तपासलेलेच असतात. काही चुकलंच तर वायरीने भागतं. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्यासारखं नाही.

‘हाताने सोल्डर होत नाही.’ कुठलं एसएमडी? १२०६ रेझिस्टर ३.२ बाय १.६ मिमीचा असतो, ०८०५ असतो २ बाय १.२५. चिमटा, फ्लक्स आणि बारीक सोल्डर असलं की हात लवकर बसतो. एसओआयसी या एसएमडी रूपातल्या आयसीच्या दोन पायांत १.२७ मिमी अंतर असतं, म्हणजे डिपच्या (थ्रू-होल रूपातल्या आयसीच्या) निम्मं, आणि तेही साध्या टोकाने जमतं. किकॅडमध्ये रेझिस्टर-कपॅसिटरचे ‘हँडसोल्डर’ लिहिलेले, लांब पॅडचे फूटप्रिंट वेगळे दिलेले आहेत, ते घ्या. पोटाखाली पॅड असलेल्या आयसी मात्र पहिल्या बोर्डावर नकोतच. शिवाय थ्रू-होलचा हट्ट धरला तर ओपीए१६१२ सारखा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी आयसी) हातचा जातो, कारण तो डिपमध्ये येतच नाही. एनई५५३२ आणि टीएल०७२ हे ऑप-अँप दोन्ही रूपांत मिळतात आणि पायांचा क्रमही तोच राहतो. नवख्याने यांच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत.

‘एसएमडी आवाज बिघडवते.’ यात अर्धं खरं आहे. एक्स७आर या मटेरियलचा सिरॅमिक कपॅसिटर सिग्नलच्या वाटेत टाकला, तर त्यावरच्या व्होल्टेजप्रमाणे त्याची कपॅसिटन्स बदलते आणि डिस्टॉर्शन येतं. टकटक केली तर तो मायक्रोफोनसारखा वागू शकतो. पण तेच मटेरियल पाय लावून विकलं तरी दोष तोच. सीझिरोजी हे दुसरं सिरॅमिक मटेरियल एसएमडीतही निर्धास्त वापरा. स्वस्त एसएमडी रेझिस्टर बहुधा थिक-फिल्म असतात आणि मेटल फिल्मपेक्षा जास्त नॉइज करतात. पहिल्या स्टेजला हे खटकत असेल तर तिथे थिन-फिल्म घ्या. उलट ऑप-अँपच्या सप्लायच्या पिनला अगदी चिकटून बसणारा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर एसएमडीच बरा, पायांचा इंडक्टन्स वाचतो.

आता खरी गोम, ‘लायब्ररीतलं तपासलेलंच असतं.’ असतं, पण काय तपासलेलं असतं? टीओ-९२ च्या (छोट्या ट्रान्झिस्टरच्या, एक बाजू सपाट असलेल्या प्लास्टिकच्या आकाराच्या) तीन भोकांची जागा. कुठल्या भोकात कुठला पाय जातो हे सॉफ्टवेअर फक्त नंबरावरून जोडतं, आणि तो नंबर सर्किटच्या आकृतीत त्या पार्टसाठी काढलेल्या चिन्हातून येतो. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे नेमके उलटे. ही चूक निदान सोसते, ट्रान्झिस्टर फिरवून लावला की झालं. पण सी१८१५ चा मधला पाय कलेक्टर आहे, तो कसाही फिरवा, जुळत नाही.

पॉवर सप्लायला तर याहून सांभाळा. ऑप-अँपला अधिक-उणे १२ व्होल्ट द्यायला बरेच जण ७८१२ आणि ७९१२ हे व्होल्टेज रेग्युलेटर लावतात. दोन्ही टीओ-२२० या, धातूची पाठ असलेल्या आकाराचे, फूटप्रिंट दिसायला एकच. पण ७८१२ चा क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट आणि ७९१२ चा ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७८१२ चं चिन्ह कॉपी करून नुसतं नाव बदललंत तर सॉफ्टवेअर चकार शब्द काढणार नाही. वर ७९१२ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, ७८१२ ची ग्राउंडला. दोघं एकाच हीटसिंकवर मध्ये वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा न घालता कसले की शॉर्ट.

व्हॉल्यूमच्या पॉटची (फिरवायच्या बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरची) गंमत वेगळीच. पहिला आणि तिसरा पॅड उलटे झाले तर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर आवाज कमी होतो. लॉग पॉट (सुरुवातीला हळू आणि शेवटाकडे भरभर बदलणारा) असेल तर अर्ध्या वाटेपर्यंत फारसा फरक कळत नाही आणि शेवटी आवाज एकदम कोसळतो. पॉट बोर्डाच्या मागून बसवणार असाल तर ही अदलाबदल हमखास होते.

‘वायरीने भागतं.’ रेझिस्टर राहिला तर भागेल. पॉटचा दांडा पॅनेलच्या भोकात यायला हवा, जॅक डब्याच्या कडेला टेकायला हवा, तिथे वायर काय करणार? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचंही तसंच. ५ मिमी व्यासाच्या कपॅसिटरच्या पायांत साधारण २ मिमी अंतर असतं, ८ मिमीच्या ३.५, १० मिमीच्या ५. कपॅसिटन्स तीच ठेवून १६ ऐवजी ५० व्होल्टचा घेतला की व्यास बदलतो. पाय वाकवून बसेल, पण शेजारच्याला धडकेल.

म्हणून क्रम उलटा करा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून पॉट, जॅक आणि मोठे कपॅसिटर आधी आणा, बोर्डाचं चित्र १०० टक्के मापात कागदावर छापा आणि पाय टोचून बघा. अंतर चुकलं असेल तर कागद लगेच सांगतो. पायांचा क्रम तो सांगणार नाही. त्यासाठी हातातल्या पार्टवर छापलेल्या नंबराचीच डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडायची आणि चित्र वरून काढलंय की खालून, हे आधी वाचायचं.