पानावरचे घरजावई

झाडाला ताप चढत नाही, खोकलाही येत नाही. त्यामुळे त्याच्या पानांवर पुळ्या उठल्या की प्रत्येकाच्या अंगात वैद्य संचारतो. दारातल्या करंजाची पाने गाठींनी भरून आली, तेव्हा शेजारच्या काकांनी "ही अंडी आहेत" असे ठामपणे सांगितले, समोरच्या वहिनींना तो संसर्गजन्य रोग वाटला, आणि वाटेने चाललेल्या एका अनोळखी गृहस्थांनी, कोणी विचारले नसतानाही, झाड मुळापासून काढून टाकण्याचा सल्ला दिला.

मी नखाने खरवडून पाहिले. अंडी किंवा खवले कीड असती तर सुटून आली असती. ही गाठ निघेना, कारण ती पानाचीच होती. ब्लेडने उभी चिरल्यावर आत पोकळी दिसली आणि भिंगाखाली त्या पोकळीत पांढुरके ठिपके सरकू लागले. हे गाठी करणारे सूक्ष्म कोळी (इंग्रजीत माइट), जाळे विणणाऱ्या कोळ्याचे नातलग, लांबीला मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढे. त्यातही भाऊबंदांना आठ पाय असताना यांच्या वाट्याला चारच आलेले. पान कोवळे असताना हे त्याचा रस शोषतात, त्यांच्या लाळेमुळे तिथली वाढ भलतेच वळण घेते, आणि झाड स्वखर्चाने त्यांना राहायला खोली व खायला मऊ भिंती बांधून देते. असा घरजावई मनुष्यजातीतही विरळाच!

या गाठींचा नाद मात्र वाईट. अल्फ्रेड किन्से हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ झाडांवर गाठी करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या वर्षानुवर्षे गोळा करत होते, ते तिथून उठले आणि थेट माणसांच्या लैंगिक वर्तनाकडे वळले. १९४८ सालच्या त्यांच्या पुस्तकाने केवढा गहजब उडवला! मी सावधपणे करंजापाशीच थांबलो आहे.

एव्हाना काका फवारणीचा पंप घेऊन हजर झाले होते. एकदा झालेली गाठ औषधाने विरत नाही, आतल्या बिऱ्हाडापर्यंत फवारा सहसा पोचत नाही, आणि मरतात ते बाहेर फिरणारे, या किडींवर जगणारे मित्रकीटक, हे मी त्यांना समजावले. रोप लहान असेल तर गाठींची पाने खुडावीत. मोठ्या झाडाचे यामुळे सहसा काही बिघडत नाही, त्याला तसेच राहू द्यावे. काका पंपासह हिरमुसून परतले. सौभाग्यवतींनी मात्र, "काहीही करायचे नाही" हा उपाय माझ्या तोंडून घरातल्या प्रत्येक कामाबाबत ऐकलेला असल्यामुळे, त्यामागचे शास्त्र अद्याप मान्य केलेले नाही.