पाण्यावर तरी गप्प बसा!
गोव्यात रायबंदरहून पहिल्या फेरीबोटीने चोडण बेटावर उतरायचं, भरती आहे तोवर कयाक पाण्यात ढकलायची आणि खारफुटीच्या कडेला वल्हं मांडीवर आडवं टाकून नुसतं बसायचं. चिखलात कुर्ल्या तुरुतुरु पळतायत, खंड्या फांदीवर तपश्चर्येला बसलाय. एवढ्यात मागून ढिंगचिक ढिंगचिक! सहा कयाक, एक ब्लूटूथ स्पीकर, आणि वर ‘ओ भाऊ, मगर कुठे दिसते?’ अरे, बाजूला पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. अख्खी मांडवी नदी मोकळी पडलीय, तरी सेल्फी माझ्याच कयाकला खेटून? खंड्या उडाला तो उडालाच. जाताना बियरचा कॅन मुळांत खोचून गेले, जणू नवस फेडला!