विद्या बाळ यांच्याबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या ग्रुपवर, मग शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर गेले काही दिवस एकच लांबलचक मेसेज फिरतो आहे. सुखी मराठी घर कुणी मोडलं, असा त्याचा सवाल आणि उत्तरादाखल एकच नाव, विद्या बाळ. त्यांनी अमेरिकेतलं स्त्रीमुक्तीचं खूळ इथे आणलं, बायकांना नवऱ्यांविरुद्ध उठवलं, एका खोट्या प्रकरणाचा गाजावाजा करून नवऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा आणवला आणि देव मानत नसताना फक्त हिंदूंच्या देवळांमागे लागल्या, असे आरोप आहेत. ‘स्त्री’ मासिकाच्या एकेकाळच्या संपादिका आणि ‘मिळून साऱ्याजणी’ मासिक सुरू करणाऱ्या विद्याताई ३० जानेवारी २०२० ला पुण्यात वारल्या. आमच्या इमारतीतल्या पंचविशीच्या दोघीतिघींनी त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं ते या मेसेजमध्ये. मला ते सहन झालं नाही, म्हणून लिहिते आहे.

अमेरिकेचा मुद्दा आधी निकालात काढू. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली ती १८८२ मध्ये. ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये निघालं ते किर्लोस्करवाडीहून, नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून. विद्याताई १९६४ मध्ये त्या मासिकाच्या संपादकीय विभागात आल्या आणि १९८३ ते १९८६ संपादक होत्या. माझ्या सासूबाई चरईत राहायच्या तेव्हा वाचनालयातून ‘स्त्री’चा अंक आणायच्या आणि दुपारी सगळं आवरलं की वाचायच्या. त्यांनी अमेरिका नकाशातसुद्धा नीट पाहिली नसेल. पण सुनेच्या पगारावर सासरचा हक्क किती, हा प्रश्न त्यांना कळत होता, कारण तो त्यांच्याच घरातला होता.

‘घरं मोडली’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला. १९८२ मध्ये विद्याताईंनी सहकाऱ्यांबरोबर नारी समता मंच उभा केला. घरात मार खाणाऱ्या, गप्प राहून कुढणाऱ्या बायकांना मन मोकळं करता यावं म्हणून ‘बोलते व्हा’ केंद्र निघालं. तिथे येणाऱ्या बाईचं घर ती येण्याआधीच खिळखिळं झालेलं असायचं. लग्नाआधी मुलामुलींनी एकत्र बसून लग्नाचा विचार करावा, म्हणून ‘साथ-साथ’ विवाह अभ्यास मंडळ सुरू झालं. आपल्याकडच्या वधूवर मेळाव्यांत अजून उंची, पगार आणि फ्लॅट कुणाच्या नावावर एवढंच विचारतात. स्वयंपाक कोण करणार, आईवडिलांची जबाबदारी कशी वाटून घ्यायची, मूल कधी, हे बोलायला शिकवणारी बाई घर मोडायला निघाली होती असं म्हणायला जीभ कशी रेटते?

आणि पुरुषद्वेष? २००८ मध्ये त्यांनी पुरुष संवाद केंद्र सुरू केलं. त्यांची सत्तरी तेव्हा उलटलेली होती. पुरुषांनाही बोलायला जागा नाही, कमावता म्हणून त्यांच्यावर दडपण येतं, रडायची मुभा त्यांना नसते, हे त्यांना दिसत होतं. आपल्या ग्रुपवरच्या पुरुषांसाठी इतका विचार आपल्यापैकी कुणी केला आहे?

आता ते प्रकरण. मेसेजमध्ये नाव न घेता लिहिलंय, ‘पुण्यातली आत्महत्या खून म्हणून खपवली, सुप्रीम कोर्टाने नवऱ्याला निर्दोष सोडलं.’ हे प्रकरण मंजुश्री सारडा यांचं. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न झालं आणि त्याच जूनमध्ये सासरी विषाने मृत्यू आला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याची साखळी पुरी होत नाही म्हणून त्यांना निर्दोष सोडलं. हा निकाल मला मान्य आहे. परिस्थितिजन्य पुराव्याचे त्यात घालून दिलेले निकष आजही प्रत्येक फौजदारी वकील सांगतो.

पण त्याच निकालाचा अर्थ नीट पाहा. न्यायाधीशांनी आत्महत्येची शक्यता खरी धरली ती कशामुळे? मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिचं दुःख, तिची निराशा दिसत होती म्हणून. म्हणजे खून नव्हता असं धरलं तरी लग्नाला चार महिने झालेली मुलगी सासरी इतकी खचली होती की तिने जीव दिला असेल, हे कोर्टाला शक्य वाटलं. विद्याताई आणि त्यांच्या मैत्रिणी रस्त्यावर आल्या त्या या खचण्यासाठी. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन त्यांनी गावोगावी नेलं. त्या नावातली ‘मी’ म्हणजे ते पाहायला आलेली प्रत्येक बाई. आरोपी कोण, हा प्रश्न कोर्टाचा होता. मुलगी ‘परत या घरात येऊ नकोस’ हे माहेरच्यांकडून का ऐकते, हा प्रश्न समाजाचा होता, आणि तो विचारल्याबद्दल माफी मागायचं काहीच कारण नाही.

कायद्याचं म्हणाल तर नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या छळाला शिक्षा देणारं ४९८अ हे कलम संसदेने १९८३ च्या अखेरीस आणलं. त्याच्या मागे दिल्लीतल्या हुंडाबळींविरुद्धची आंदोलनं होती, देशभरातल्या संघटना होत्या. पुण्यातल्या एका संपादिकेला ते श्रेय देणं म्हणजे बाकीच्यांचं काम पुसणं. मंजुश्री गेली तेव्हा नवऱ्याकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी वेगळं कलमच नव्हतं. गैरवापर होतो का? काही प्रकरणांत होतो. म्हणूनच २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटक करू नका, असं पोलिसांना बजावलं. तेही या मेसेजमध्ये यायला हवं होतं.

राहिला शनिशिंगणापूरचा चौथरा. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेऊन आली आणि त्यानंतर तिथे शुद्धीकरण झालं. विद्याताई आणि ज्येष्ठ वकील नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. नवा कायदा त्यांनी मागितलाच नव्हता. हिंदूंची सार्वजनिक पूजास्थानं सर्व हिंदूंना खुली करणारा कायदा आपल्याकडे १९५६ पासून आहे. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो आला दलितांना देवळाबाहेर उभं करण्याच्या रूढीमुळे. त्याच्या मागे काळारामाचा सत्याग्रह आहे, १९४७ चं साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण आहे. आहे तो कायदा पाळा, एवढंच मागणं होतं. एप्रिल २०१६ च्या पहिल्याच दिवशी न्यायालयाने सरकारकडून तशी हमी घेतली आणि आठ दिवसांत, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा बायकांना खुला केला. विद्याताई स्वतः देव मानत होत्या की नाही याचा इथे काय संबंध? शनिवारी तेल वाहणाऱ्या माझ्या शेजारणीला तो हक्क मिळाला.

‘फक्त हिंदूच का’ याचं उत्तर त्याच वर्षी त्याच न्यायालयात आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यात जायला बायकांना परवानगी मिळाली. ती लढाई नूरजहाँ नियाझ आणि झकिया सोमण यांनी दिली होती. आपापल्या धर्मातल्या दारांवर आपापल्या बायकांनीच धडक दिली.

मेसेजची शेवटची ओळ ‘पुण्यातल्या सुखवस्तू बायकांचे रिकामे उद्योग’ अशी आहे. यातली अर्धी गोष्ट गंभीर आहे आणि ती मी झटकणार नाही. स्त्री चळवळीचा चेहरा बराच काळ सवर्ण, मध्यमवर्गीय राहिला हे दलित स्त्रियांनी परखडपणे मांडलं आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवरचं पुस्तक आवर्जून वाचावं. पण ती टीका चळवळ वाढावी म्हणून केलेली आहे, आणि हा मेसेज चळवळ नकोच म्हणतो. आणि उद्योग रिकामे? ऑगस्ट १९८९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कुठल्याही मोठ्या छापखान्याचं पाठबळ नसताना ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू करायचं, वर्गणीदार गोळा करायचे आणि दर महिन्याला अंक काढायचा, हे रिकामपणी होत नाही.

मेसेज पाठवणारे काका आमच्या इमारतीतले भले गृहस्थ आहेत, अडीनडीला पहिले धावून येतात. काका, तो मेसेज तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर पाठवलात, तिथे तिथे हेही पाठवा.