भरावावरून, हेल्मेट घालून

रविवारी पहाटे पुण्यात सायकल चालवायची तर तयारी गुरुवारपासून लागते. पहिली गोष्ट म्हणजे सायकल. ती स्कूटरपेक्षा स्वस्त असेल तर घेऊ नका, सोसायटीत किंमत विचारतात. तुमचे आजोबा बावीस इंची सायकलला डबा अडकवून तीस वर्षं खडकीला कामावर गेले असतील, पण ते सायकलिंग नव्हे. त्यांच्याकडे हेल्मेट कुठे होतं?

सायकल मोटारीच्या मागे बांधून कालव्यापर्यंत न्या, मग अंतर दीड किलोमीटर का असेना. रस्त्यावर सायकल चालवणं धोक्याचं आहे. तिथे लोक आपल्यासारख्याच गाड्या चालवतात. सायकल ट्रॅकचा तर विचारही करू नका. तिथे दुचाक्या लावलेल्या असतात, त्यांची झोपमोड कशाला?

आता मुठा उजवा कालवा. खडकवासल्याचं धरण 1879 सालचं, आणि त्यातून निघणारा हा कालवा सिंहगड रस्ता, पर्वतीचा पायथा, स्वारगेट, हडपसर असं करत शहर पार करतो. इतकं सांगता आलं की तुम्ही जाणकार. फोटो मात्र आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं पाणी, चालू असताना काढा. दौंड-इंदापूरचा शेतकरी ज्या पाण्याच्या तारखा मोजत बसतो, ते तुमच्या रीलमध्ये मागे फार सुरेख दिसतं. आवर्तन बंद असलं की तळाशी गाद्या, निर्माल्य आणि एखादी कमोडची सीट निघते. तेव्हा कॅमेरा आभाळाकडे धरावा.

भरावावरून जाताना खेकड्यांचा मान राखा. 27 सप्टेंबर 2018 रोजी दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि खालच्या वस्तीतली घरं पाण्यात गेली, तेव्हा घुशी, उंदीर आणि खेकड्यांनी भिंत पोखरली असावी, असं खुद्द जलसंपदा मंत्र्यांनी सांगितलं होतं. देखभाल करणाऱ्यांपैकी कुणाचं नाव आजवर एवढ्या झटपट पुढे आलेलं मला आठवत नाही.

वाटेत काठावर कपडे धुणाऱ्या बायका भेटतील, धुण्याभांड्याच्या कामाला सायकलवर निघालेल्या मावशी भेटतील, रात्रपाळी करून परतणारे वॉचमन भेटतील. घंटी वाजवून त्यांना बाजूला करावं म्हणाल, तर तुमच्या सायकलला घंटी नाही. वजन वाढतं. मडगार्ड, कॅरिअर, दिवा हेही त्याच कारणाने गेले. तेव्हा ‘लेफ्ट, लेफ्ट!’ असं ओरडा. मावशी उजवीकडे सरकतील, कारण त्यांच्या डावीकडे कालवा आहे.

मुक्काम पु. ल. देशपांडे उद्यान. ओकायामाच्या बागेच्या धर्तीवरची ही जपानी बाग कालव्याला लागूनच आहे. अर्थात सायकल आत नेता येत नाही. बाहेर लावावी तर तुमच्या सायकलला स्टँडही नाही (वजन!). झाडाला टेकवली की रखवालदार हटकतो, भिंतीला टेकवली की रंग खरवडतो. मग दोघांनी सायकली धरून उभं राहायचं आणि दोघांनी बाग बघून यायचं. आमच्या गटातल्या एकाने गेल्या चार रविवारांत बागेचा फक्त तिकिटाचा फलक पाहिला. तो म्हणतो, मन शांत होतं.

शेवटी पोहे, मिसळ आणि जिलबी. जाळलेल्या कॅलरी मोजून त्यांच्या तिप्पट खाव्यात.

परतताना हवा गेली तर घाबरू नका. कोपऱ्यावर पंक्चरवाले काका असतात. ते चाक फिरवून बघतील, तुमच्या त्या बारीक परदेशी व्हॉल्व्हवर पंपाचं तोंड दोनदा बसवून पाहतील, आणि चष्मा कपाळावर चढवून विचारतील, ‘साहेब, याची वालट्यूब कुठंय?’ तेवढ्यात मघाचा वॉचमन येऊन टेकेल. त्याच्या मागच्या चाकात काका चार दट्ट्यात हवा भरतील, तो चिल्लर देईल आणि पाय टाकून निघेल. तुम्ही मोटार बोलवा.