हिरवा ठिपका म्हणजे व्हिगन नव्हे
पाकिटावर हिरवा ठिपका असला की पदार्थ व्हिगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच, अगदी दूधही, नसलेला, असा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. ते चूक आहे. हा ठिपका फक्त शाकाहार सांगतो. त्यात दूध, तूप, पनीर, मध सगळं चालतं. व्हिगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि चिन्हही वेगळं: पान असलेला हिरवा व्ही.

घरी तेलाच्या फोडणीची उसळ आणि भाकरी असेल तर प्रश्नच नाही. हॉटेलात विचारावंच लागतं. साबुदाणा खिचडीत बहुधा तूप, थालीपिठावर लोणी. पावभाजीवाल्याला ‘वरून बटर नको’ सांगून भागत नाही, कारण तव्यावरची भाजी बहुतेकदा बटरमध्येच परतलेली असते. त्यापेक्षा वडापाव बरा. फक्त पावाला लोणी लावलंय का, तेवढं विचारा.